रविवारची फुलं

आमच्या घरात रविवार शनिवारी दुपारीच सुरू व्हायचा. जेवणं झाली की माय घरातलं सगळं सामान अंगणात काढायची, शेणामातीनं जमीन सारवायची, आणि सारवलेलं वाळेपर्यंत आम्ही दोघी कडुनिंबाखाली बसून तुरीची डाळ निवडायचो. डाळ बरीच लागायची, कारण रविवारची उपासना झाली की सगळी मंडळी आमच्याच घरी जेवायची. मंडळी म्हणजे फार काही नव्हे. अमडापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं मोजकीच होती, आणि आजूबाजूच्या दोन-तीन वाड्यांवरून काही जण पायी यायचे. पण माय वरण करायची ते लग्नघरासारखं. मोठ्या जर्मनच्या भगोण्यात वरण, दुसऱ्यात भात, वांग्याची भाजी, कुणाच्या घरी जास्तीची अंबाडी असेल तर तिची भाजी, आणि पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. सणावाराला मटण. सगळे जमिनीवर ओळीनं बसायचे आणि माय शेवटपर्यंत वाढत राहायची. सगळे उठल्यावर ती चुलीपुढेच बसून जेवायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते मी नंतर तिच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कशानंही पाहिलं नाही.

आमचं देऊळ म्हणजे टिनाच्या छपराची एक लांबट खोली. बाहेर बाभळीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो माझे वडील, याकोबबाबा, लोखंडी पान्यानं वाजवायचे आणि तो आवाज पार शिवारापर्यंत जायचा. आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, चिखलीहून सायकलवर महिन्यातून एकदाच येत. बाकीचे रविवार बाबांचे. बाबा फार शिकलेले नव्हते, पण आवाज खणखणीत होता. पेटी वाजवायचे, ढोलकीचा ठेका चुकला तर डोळे मिटूनच मान हलवायचे. प्रवचन असं त्यांना जमत नसे. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचायचे आणि मग गावातली एखादी गोष्ट सांगायचे, कुणाचा बैल हरवला, कुणी भावाशी बोलणं सोडलं, आणि म्हणायचे, "आता याच्यात आपुन काय कराव, ते तुमीच सांगा." मग अर्धा तास सगळे बोलायचे. पुढे मी मोठमोठी प्रवचनं ऐकली, पण तसं बोलणं कुठे ऐकायला मिळालं नाही.

आमची जमीन थोडी होती, पण विहिरीला पाणी होतं. त्या पाण्यामुळेच गोवर्धनसेठ आमच्याकडे आले. हे जालन्याचे गृहस्थ, एका बियाणे कंपनीसाठी गावोगावी कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट लावून देणारे. त्यांना सगळे ऑर्गनायझर म्हणत. वाईट माणूस नव्हता, हे मला आधीच सांगायला हवं. पान खाऊन हसत हसत बोलणारा, लहान पोरांच्या हातावर गोळ्या ठेवणारा, आणि दिलेल्या शब्दाला जागणारा. मोटारसायकल कडुनिंबाखाली लावून ते बांधावर गेले, विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "याकोबराव, इतकं पाणी आणि तुम्ही ज्वारी पेरता? हे म्हणजे घरात दिवा असून अंधारात बसणं झालं."

बियाण्याची कपाशी ही साधी कपाशी नव्हे, हे आम्हाला पहिल्या हंगामातच कळलं. शेतात मादीच्या ओळी वेगळ्या, नराचा तुकडा वेगळा. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी शोधायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर अलगद सोलून काढायचे आणि मधली काडी उघडी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं टोपलीत तोडून आणायची, एकेक फूल त्या उघड्या काडीवर फिरवायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणायचे. ऊन चढलं की फुलं मावळतात, म्हणून सकाळचं काम सकाळीच. आणि हे रोज, पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत, एकही दिवस न चुकता. सोलायची राहिलेली कळी आपली आपणच फळते. तिचं बी बियाण्यात मिसळलं की माल खराब. म्हणून तसं प्रत्येक फूल तोडून टाकायचं, हा कंपनीचा पहिला नियम.

पहिल्या रविवारी बाबा थबकले होते. मला आठवतं, ते पेटी काढून पुसत बसले होते आणि शेषराव मुकादम दारात उभा होता. हा गावातलाच माणूस, मजुरांवर देखरेख करायला सेठनं नेमून दिलेला. "चाल ना याकोबभाऊ, फुलं काई थांबत नाही," तो म्हणाला. बाबांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "जा. उपासना दुपारी करू." त्या रविवारी उपासना दुपारी झाली. पुढे ती संध्याकाळवर गेली. पण संध्याकाळी कळ्या सोलायच्या असायच्या, म्हणून दिवेलागणीला. दिवसभर वाकून पाठ मोडलेली माणसं दिवेलागणीला गाणार काय? आंधळे शांतवनआजोबा तेवढे काठी टेकत येऊन बसायचे. आणि खरं सांगायचं तर आमची मंडळी येणार तरी कुठून? ती सगळी आमच्याच शेतात कामाला होती. सुंदराबाई विधवा, पदरात तीन लेकरं, तिला रोजचा रोज लागायचा. बाकीच्यांचीही तीच गत. रविवारी रूळ वाजवणारा माणूस आणि रविवारी कामाला बोलावणारा माणूस एकच झाला होता, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, इतकं ते हळूहळू झालं.

मीही शेतातच होते. मॅट्रिकच्या आधीचं आणि मॅट्रिकचं वर्ष, पण फुलांच्या दिवसांत शाळा अर्धीच व्हायची. माझी बोटं बारीक होती, कळी मोडायची नाही. अंगठ्याचं नख काळंहिरवं झालेलं, हातांना पिवळी भुकटी, आणि शेजारच्या ओळीतून सुंदराबाईच्या गोष्टी. मला ते दिवस आवडायचे. आता बसनं चिखलीकडून देऊळगाव राजाकडे जाताना दोन्ही बाजूंना ती पांढरी शेडनेटं दिसतात, आत मिरचीच्या नाहीतर टमाट्याच्या फुलांवर वाकलेल्या मुली दिसतात, आणि माझी बोटं आपोआप चाळवतात.

आणि मग पैसा आला. मी तो कमी लेखणार नाही. ज्यांनी गरिबी पाहिली नाही तेच पैशाला तुच्छ म्हणू शकतात. आमच्या घराचं माळवद उतरलं आणि वर स्लॅब पडला. माय रोज पोळ्या करू लागली, कण्यांचा भात बंद झाला. चहात साखर घालताना चमचा झटकून परत डब्यात टाकायची तिची सवय गेली. मला मनगटी घड्याळ आलं आणि ते दिसावं म्हणून मी शाळेत डावा हात बाकावर ठेवून बसायची. बाबांनी मोटारसायकल घेतली. मायच्या हातात सोन्याच्या दोन बांगड्या आल्या, आणि भाकरी थापताना त्यांना पीठ लागू नये म्हणून ती त्या कोपरापर्यंत वर सारायची. गावात बाबांना कुणी गमतीनं 'याकोबशेठ' म्हणू लागलं. आधी ते लाजायचे, मग नुसते हसायचे, मग त्यांना ते ऐकूच येईनासं झालं. देवळाला त्यांनी नवीन सतरंजी दिली, खिडक्या बसवून दिल्या, कमाईतला दशांश कधी नव्हे इतका दिला. मला वाटतं, त्यामुळेच त्यांचं मन इतके दिवस निवांत राहिलं. देवाला त्यांनी सगळं दिलं, फक्त त्याचा दिवस तेवढा दिला नाही.

दुसऱ्या हंगामात प्लॉट दुप्पट झाला. फुलं ऐन भरात असताना एका रविवारी पाळकसाहेब यायचे होते. बाबांनी आदल्या दिवशीच शेषरावला सांगून ठेवलं होतं की पाळकसाहेबांच्या रविवारी नेहमी सोडतो तसं उद्याही सकाळी मंडळीला तासभर सोड. पण शेषरावला सेठचा धाक. तो म्हणाला, "पाहू." सकाळी मी, माय आणि बाबा नवे कपडे घालून देवळात गेलो. पाळकसाहेब सायकल भिंतीला लावून घाम पुसत होते. वयस्क, बारीक अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा. बाबांनी रूळ वाजवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवला. आम्ही वाट पाहिली. शांतवनआजोबा आले, आणि दुसरं कुणी आलं नाही. बाबांनी परत वाजवला. शिवारातून कुणीतरी हाळी दिली, ती कशाची होती ते कळलं नाही.

नवी सतरंजी सगळी मोकळी पडली होती. शांतवनआजोबांनी हातानं दोन्हीकडे चाचपून पाहिलं आणि विचारलं, "याकोबा, लोकं कुठी गेले रे?"

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. माय पदराशी चाळा करत होती. शेवटी मीच म्हटलं, "आजोबा, सगळे आमच्या वावरात आहेत."

पाळकसाहेब रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी शास्त्राचं पुस्तक पिशवीत ठेवलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "चला मग. आपणच तिकडे जाऊ. मंडळी असेल तिथेच पाळकानं जायचं असतं."

शेतात पोचल्यावर त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "किती उरलं?" सुंदराबाईला विचारलं. ती ओशाळून उभी राहिली. "हे आठ-दहा ओळी हायेत ना साहेब." "मग दाखव मला कसं करायचं. सगळ्यांनी मिळून केलं तर लवकर होईल." तिनं दाखवलं. ते चष्मा कपाळावर चढवून, नाक फुलाला लावून, एकेका काडीवर नराचं फूल फिरवू लागले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला पिवळं लागलं. "साहेब, जरा हलक्या हातानं," सुंदराबाई म्हणाली, "मोडते ते." पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाबा बांधावर उभे होते. हसावं की रडावं हे त्यांना कळत नव्हतं. मग तेही ओळीत उतरले. त्यांचं नवं धोतर चिखलात लोळत होतं, पण ते वर खोचायचंही त्यांना सुचलं नाही.

काम उरकल्यावर विहिरीजवळच्या सावलीत उपासना झाली. पाळकसाहेब फार काही बोलले नाहीत. गाणी म्हटली, प्रार्थना केली. कामकऱ्यांच्या हातांसाठी, पाठीसाठी, त्यांच्या लेकरांसाठी. बाबांसाठी वेगळं काहीच मागितलं नाही, आणि तेच बाबांना लागलं असावं. सायकलवर बसताना त्यांनी बाबांना जवळ बोलावलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच होते.

"याकोबराव, पुढल्या महिन्यात येतो."

"या ना साहेब."

"येतो. फक्त देवळात येऊ की वावरात, तेवढा निरोप द्या. म्हणजे तसे कपडे घालून येईन."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखरीच विचारल्यासारखं विचारलं होतं. बाबांची मान खाली गेली ती सायकल दिसेनाशी होईपर्यंत वर आली नाही.

त्याच दिवशी दुपारी, आम्ही जेवत असताना, गोवर्धनसेठ आले. या खेपेला मोटारसायकल नव्हती, जीप होती. ओसरीवर बसले, मायच्या हातची पोळी मागून घेतली, आणि मग मुद्द्याला आले. कंपनीला अमडापूरपासून चिखलीपर्यंतच्या सगळ्या गावांसाठी एक माणूस हवा होता. प्लॉट लावायचे, मजूर पाहायचे, माल तपासायचा. "देखो याकोबराव, मी आता थकलो. माझी पोरं घरचा कारखाना पाहतात. तुमच्यासारखा सरळ माणूस मला पाहिजे. ही जीप तुमच्या दारात राहील. प्रत्येक गावातून तुमचा वाटा. सरोजला पुण्याला शिकवा, पाहिजे तर डॉक्टर करा. एकच अट. फुलांच्या दिवसांत कोणत्याच गावात एक दिवसही खाडा नको."

बाबांनी शनिवारपर्यंतचा वेळ मागितला. सेठ गेले. जीपच्या मागे गावातली पोरं पळाली. माझ्या डोक्यात पुणं सुरू झालं होतं. मी तिथली खोलीसुद्धा मनातल्या मनात लावून टाकली होती.

बाबा उष्ट्या ताटावर तसेच बसून होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सरोजची माय, मी नाही म्हणतो त्यायले."

माय भांडी गोळा करत होती. तिचा हात थांबला. "काऊन?"

"सकाळी पाह्यलं ना तू. मी घंटा वाजवून राह्यलो होतो अन् माह्या घंटेले कोणी येऊ नये म्हणून मीच बंदोबस्त करून ठेवला होता. आता हेच आणखी धा गावात कराव? तिथल्याई लोकायचे रविवार घ्याव?"

"मंग रविवारी दुपारी करा उपासना. देव काई सकाळीच येते का?"

"तसंच म्हणत म्हणत इथवर आलो ना आपुन."

माय आजवर बाबांपुढे आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. "तुमाले सोपं आहे," ती म्हणाली. "तुमच्या घरी भाकर होती. मी दुष्काळात नुसता तरोट्याचा पाला उकडून खाल्ला आहे. मीठ नव्हतं. माहा लहाना भाऊ माह्या मांडीवर गेला, दूध नव्हतं म्हणून. तवा कोन्या देवळाची घंटा वाजली होती, सांगा मले! आता दारात जीप येऊन राह्यली, पोरीचं भलं होऊन राह्यलं, अन् तुमाले रविवार आठवला?"

बाबांनी तिला शास्त्रातलं काही ऐकवलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ते फक्त म्हणाले, "तुह्यं खरं आहे. मी उपाशी राह्यलो नाही. म्हणून तर मले याची इतकी चटक कशी लागली, तेच समजत नाही."

आठवडाभर घरात बोलणं कमी होतं. मी बाबांवर रुसले होते. मोटारसायकलवरून शाळेत सोडतो म्हणाले तर पायी जायची. शनिवारी सेठ आले तेव्हा ओसरीवर शेषराव होता, आणि आपली मजुरी घ्यायला आलेल्या सुंदराबाई आणि दुसऱ्या काही बायका अंगणात बसल्या होत्या. बाबांनी सगळ्यांसमोरच सांगितलं.

"सेठजी, तुमचे उपकार हायेत. पण ते काम माह्याच्यानं होनार नाही. अन् आणखी एक. माह्या प्लॉटवर आजपासून रविवार बंद. आज संध्याकाळी कळ्या सोलनार नाही, उद्या कोणी वावरात जानार नाही."

सेठ हसले. त्यांना ती गंमत वाटली. मग बाबांचा चेहरा पाहून हसू थांबलं. "याकोबराव, फूल रविवार पाहत नाही."

"फूल नाही पाहत, सेठजी. माणसानं पाहाव लागते."

"एका सुट्टीत दोन दिवसांची फुलं जातील. उद्याची तर जातीलच, आणि उद्या संध्याकाळी सोलली नाहीत की परवाचीही गेली. हिशेब केला का?"

"केला."

"कंपनी पुढच्या साली प्लॉट देणार नाही. माझ्याही हातात राहणार नाही ते."

"समजते मले."

सेठ उठले नाहीत. बाबांकडे नुसते पाहत राहिले. रागानं नव्हे. एखाद्याला ताप आलाय का, हे पाहावं तसं. पण अंगणातून सुंदराबाई उठली. "अन् आमचं काय, याकोबभाऊ? तुमी रविवार पाळसान, अन् माह्ये लेकरं त्या दिवशी काय खातीन? तुमच्या घरी स्लॅब आहे. माह्या घरी एक दिवसाचा रोज गेला तं चूल बंद राह्यते."

हे बाबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चांगलं काही करायला निघालेल्या माणसाला त्याची किंमत दुसऱ्याच्या घरातून जाते आहे हे कळतं, तेव्हा त्याची कशी फजिती होते ते मी त्या दिवशी पाहिलं. मग ते सावकाश म्हणाले, "तुह्या लेकराच्या तोंडातून काढून मी देवाले कसं देऊ, सुंदराबाई? रविवारचा रोज मिळन. सगळ्यायले मिळन. कामाले न येता."

आत काहीतरी जोरात पडलं. मायनं हातातला तांब्या टाकला होता की तिच्या हातून सुटला होता, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी रुळाचा आवाज झाल्यावर लोक आले. सगळे नाही. काही जण नुसते झोपून राहिले, कित्येक दिवसांत झोपले नव्हते. सुंदराबाई लेकरांना न्हाऊमाखू घालून घेऊन आली आणि एक लेकरू पेटीजवळच झोपी गेलं. बाबांनी त्या दिवशी गावातली गोष्ट सांगितली नाही. म्हणाले, "आज माहीच गोष्ट आहे, ते तुमाले माहीत आहे," आणि खाली बसले. माय आली होती, पण शेवटच्या ओळीत बसून. जेवण तिनं रांधलं, वाढलं, पण बोलली नाही.

सोमवारी सकाळी आम्ही शेतात गेलो आणि बांधावरच थांबलो. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. रोजच्या कामात ते गुलाबी फूल आमच्या नजरेला क्वचितच पडायचं. त्या दिवशी सगळं वावर गुलाबी झालं होतं. न सोललेली, आपली आपण फळलेली रविवारची फुलं. आणि त्यांच्याच मध्ये त्या सकाळी उमलत असलेली पांढुरकी फुलं, तीही न सोललेली. इतकं सुंदर आमचं शेत मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि ते सगळं तोडून फेकायचं होतं.

शेषराव बाबांच्या जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "याकोबभाऊ, सुट्टी घ्यायची ते घेतली. आता हे राहू द्या झाडावर. बोंडं धरतीन. दोरे बांधून टाकू, कोनाले समजते? मी काई बोलनार नाही. तुमचा रविवारई राहीन अन् मालई भरन."

बाबांनी लगेच नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे आमच्या मंडळीत ही गोष्ट सांगताना लोकांनी त्यांना संत करून टाकलं. ते संत नव्हते. त्यांनी त्या गुलाबी शेतावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मजुरीचा वाढीव भार डोक्यावर, पुढच्या वर्षीचा प्लॉट गेलेला, आणि समोर हे फुकटचं भरलेलं वावर. बायका वाट पाहत उभ्या होत्या. कुणीच हलत नव्हतं.

माय पुढे झाली. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, पदर खोचून पुढे ओचा केला आणि पहिल्या ओळीत शिरून फुलं तोडायला लागली. गुलाबीही आणि पांढरीही. ती कुणाकडे बघत नव्हती. रडत होती. मी तिच्या शेजारच्या ओळीत होते म्हणून मला दिसलं. एकेक फूल ती असं तोडत होती की जणू ते तिच्याच अंगाचं होतं, पण एकही सोडत नव्हती. ओचा भरला की बांधावर रिकामा करायची आणि परत वाकायची. मग सुंदराबाई उतरली, मग बाकीच्या, मग बाबा. शेषराव थोडा वेळ उभा राहिला आणि टोपली घेऊन तोही आला. दुपारपर्यंत बांधावर ढीग झाला. संध्याकाळी गावातल्या बकऱ्या तो खात होत्या.

हंगामभर दर सोमवारी हेच झालं. पुढच्या वर्षी प्लॉट मिळाला नाही. शेतात परत ज्वारी आणि तूर आली. मोटारसायकल विकली गेली, आणि वरचा मजला चढवायला स्लॅबवर सोडलेल्या सळया तशाच गंजत राहिल्या. ऑर्गनायझरचं काम रस्त्यावरच्या दुसऱ्या गावातल्या एकाला मिळालं. त्याची जीप आमच्या घरापुढून जायची तेव्हा बाबा हातातलं काम थांबवून ती वळणापलीकडे जाईपर्यंत पाहायचे. मी पुण्याला गेले नाही. बुलढाण्याला शिक्षिकेचा कोर्स केला आणि सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं. कधी कधी, विशेषतः स्वतःची मुलं शिकत होती तेव्हा, मला त्या जीपचा विचार आला. नाही आला असं म्हटलं तर खोटं होईल. पण सुंदराबाईची धाकटी मुलगी माझ्या हाताखाली शिकली, ती आज परिचारिका आहे, आणि तिच्या आईनं तिला फुलांच्या दिवसांतसुद्धा शाळेत धाडलं. रविवारचा रोज बाबांनी शेवटपर्यंत चुकवला नाही, ज्वारीच्या दिवसांतही. तो कुठून द्यायचे हे आम्हाला ठाऊक होतं. मायच्या बांगड्या दुसऱ्या दिवाळीपर्यंत राहिल्या नव्हत्या.

बाबा गेल्यानंतर माय माझ्याकडे बुलढाण्याला राहायला आली. गुडघे गेले होते, नजर शाबूत होती. एका दुपारी मी शाळेतून आले तर ती गॅसपाशी स्टुलावर बसून माझ्यासाठी भाकरी थापत होती. तव्याचा वास घरभर पसरला होता. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी त्या दिवशी विचारलं.

"माय, त्या सोमवारी तू काऊन उतरली वावरात? तुले तं बाबाचं पटलं नव्हतं."

तिनं भाकरी उलटली. "पटलं नव्हतंच. अर्धं तं अजूनई पटत नाही."

"मंग?"

"शेषराव बोलला ना तुह्या बापाले, ते मी आयकलं. अन् मले वाटलं, हो म्हणा, हो म्हणा. माह्या मनानं असं वरडून म्हटलं ते." तिनं तव्याखालचा गॅस कमी केला. "तवा मले माहंच भेव वाटलं वं. म्हटलं, उपाशीपणाच्या भेवानं पयले हे घेतलं, मंग ते घेतलं, अन् त्या भेवाचं काई पोटच भरून नाही राह्यलं."

"मंग ते भेव गेलं का?"

"कायचं जाते!" माय हसली. "अजूनई आहे. रोज सकाळी उठलं का आधी डब्यात पीठ पाहतो मी." भाकरी फुगली. तिनं ती हातानंच उचलून माझ्या ताटात टाकली. "राहू दे त्याले घरात. पण त्याले आणखी किती खाऊ घालाव? तू जेव."